एनसीसीतून परदेश दौरा: नागपूरच्या नव्या कॅडेटसाठी पहिल्या वर्षापासूनची तयारी

माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं पवनी. बारावीनंतर नागपूरला शिकायला आले, वसतिगृहात राहिले आणि पहिल्याच महिन्यात एनसीसीत नाव घातलं. तिसऱ्या वर्षाला असताना युवा आदान-प्रदान कार्यक्रमातून व्हिएतनामला जाऊन आले. तेव्हापासून कॉलेज सुरू झालं की ज्युनियर मुलं-मुली विचारायला येतात: ताई, निवड कशी होते? पासपोर्ट कधी काढायचा? खर्च किती येतो? घरच्यांना काय सांगायचं? दर वेळी सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते आहे.

माझ्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा चांगली ड्रिल करणाऱ्या तीन मुली तरी होत्या. एकीचा पासपोर्ट वेळेत हातात आला नाही. दुसरीच्या आधार कार्डावरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळलं नाही. तिसरी ऐन नावं पाठवायच्या दिवसांत धानाच्या कापणीला घरी गेली आणि तिचा फोन लागला नाही. मैदानावर यातली कुणीच कमी पडली नव्हती. म्हणून या लेखात परेडपेक्षा कागदांवर जास्त लिहिलं आहे.

१. हा दौरा नेमका काय असतो

एनसीसी १९४८ साली कायद्याने स्थापन झाली. तिच्या युवा आदान-प्रदान कार्यक्रमाला कॅडेट ‘वायईपी’ म्हणतात. आपले कॅडेट मित्रदेशांत जातात, त्यांचे आपल्याकडे येतात. जानेवारीत दिल्ली छावणीतल्या करिअप्पा परेड मैदानावरच्या शिबिरात वेगळ्या गणवेशातले परदेशी कॅडेट दिसतात, ते याच कार्यक्रमातून आलेले असतात. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, सिंगापूर, व्हिएतनाम, रशिया, कझाकस्तान अशा देशांशी ही देवाणघेवाण झालेली आहे. यंदा कुठे जायचं ते दिल्लीतून ठरतं, देश आपण मागायचा नसतो.

तिथे शस्त्रांचं प्रशिक्षण असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथल्या युवक संघटना, शाळा-कॉलेजं, संग्रहालयं, ऐतिहासिक जागा बघायच्या, तिथल्या मुलामुलींबरोबर राहायचं, आपला देश त्यांना सांगायचा. अंगावर गणवेश असला तरी तुम्ही तिथे पाहुणे आणि विद्यार्थी असता.

खर्चाचं म्हणाल तर निवडीसाठी एक पैसा भरावा लागत नाही. विमानाचं तिकीट भारताच्या बाजूने निघतं, राहणं-जेवणं यजमान देश बघतो. स्वतःच्या खिशातून पासपोर्टची फी, काही कपडे, भेटवस्तू आणि हातखर्च एवढंच जातं. ‘एनसीसी कॅडेटसाठी परदेश अभ्यासदौरा, जागा मर्यादित’ असा मेसेज आला आणि त्यात पैसे भरायला सांगितलं असेल, तर तो थेट आपल्या एएनओ सरांना किंवा मॅडमना (कॉलेजची एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक) दाखवा. निवडीची वाट कॉलेजच्या युनिटमधून बटालियनला, तिथून ग्रुपला, मग राज्य संचालनालयाला आणि शेवटी दिल्लीला जाते. मधल्या कुठल्याही टप्प्यावर पावती फाडावी लागत नाही.

२. सगळ्या कागदांवर नाव एकच करा

ही पायरी पहिल्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत उरकायची. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव छापतात. आधार कार्डावर स्वतःचं नाव आधी येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. क्रम वेगळा असला तर तेवढ्याने अडत नाही. अडतं ते स्पेलिंगमुळे. ज्ञानेश्वर हे वडिलांचं नाव एका कागदावर ‘डी’पासून सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जी’पासून. वैशालीचा ‘व’ कुठे ‘व्ही’ असतो, कुठे ‘डब्ल्यू’. एखाद्या कागदावर वडिलांचं नाव लिहिलेलंच नसतं.

माझ्या आधारवर वडिलांच्या नावात एक ‘ए’ जास्त होता. आई म्हणाली, “नाव तं तेच हाय ना बाई, मंग काहून अडवतेत?” मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण विमानाचं तिकीट पासपोर्टवरून निघतं, पासपोर्ट आधार आणि मार्कशीटवरून निघतो, आणि एनसीसीची नोंदणी तुम्ही पहिल्या दिवशी घाईत जे लिहून दिलं त्यावरून झालेली असते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की प्रत्येक टप्प्यावर प्रतिज्ञापत्र मागतात.

म्हणून दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे दुरुस्तीचा अर्ज भरताना प्रत्येक अक्षर कुणाकडून तरी तपासून घ्या. मार्कशीटच चुकलेली असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे जाते. त्याला बराच वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज आजच टाका. एनसीसीच्या नोंदणी फॉर्मवरचं स्पेलिंग पीआय स्टाफकडे (लष्कराकडून आलेले प्रशिक्षक) जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

३. पासपोर्ट: निवड होण्याची वाट बघू नका

‘निवड झाली की काढू’ असं म्हणणारे सगळ्यात जास्त मागे राहतात. निवड झाल्यावर हातात फार थोडे दिवस असतात आणि त्याच दिवसांत व्हिसाची कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा असं सगळं एकदम येतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की अर्ज करून टाका. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, वाया काही जात नाही.

अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरच भरायचा. त्याच्यासारखी दिसणारी, जास्त पैसे घेणारी बरीच संकेतस्थळं आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते बघा. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळला त्यावर आणखी २,००० रुपये लागतात. वेळेवर अर्ज केलात तर ते दोन हजार वाचतील, चांगले बूट तेवढ्यात येतात. नागपुरात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तिथे ए, बी, सी असे तीन काउंटर पार करायचे असतात. पहिल्यावर फोटो आणि बोटांचे ठसे, दुसऱ्यावर कागदांची तपासणी, तिसऱ्यावर मंजुरी. फोटो तिथेच काढतात, गणवेश घालून जाऊ नका. सगळे मूळ कागद बरोबर न्या, फक्त झेरॉक्स घेऊन गेलात तर परत यावं लागेल. दहावी पास असल्याचं प्रमाणपत्र न विसरता जोडा. त्याने पासपोर्टवर ‘इमिग्रेशन तपासणी आवश्यक’ हा शेरा येत नाही.

वसतिगृहातल्या मुलामुलींनी पत्त्याचा विचार आधीच करावा. पोलीस पडताळणी तुम्ही लिहिलेल्या पत्त्यावर होते. मी वसतिगृहाचा पत्ता दिला होता. पोलीस आले तेव्हा मी शिबिरात होते आणि माझं प्रकरण महिनाभर लांबलं. गावचा पत्ता दिलात तर घरी कुणीतरी असतं, शेजारी ओळखतात. बऱ्याच जिल्ह्यांत आता टपाल कार्यालयांतही पासपोर्ट केंद्रं झाली आहेत. गावच्या पत्त्यावर अर्ज करायचा तर भंडारा, चंद्रपूर, वर्ध्याच्या मुलांनी आधी आपल्या जिल्ह्यातलं केंद्र बघावं. पडताळणीच्या दिवसांत दोन शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा आणि फोन बंद ठेवू नका.

ज्यांच्याकडे लहानपणी काढलेला पासपोर्ट आहे त्यांनी त्याची मुदत बघा. प्रवासाच्या दिवशी निदान सहा महिने शिल्लक हवेत.

४. दिल्लीपर्यंतचा रस्ता

परदेश दौऱ्यासाठी कॅडेट निवडतात ते प्रजासत्ताक दिन शिबिराला, म्हणजे आरडीसीला गेलेल्यांमधून. तेव्हा खरी चढण आरडीसीची आहे. आधी दहा दिवसांचं वार्षिक शिबिर, मग ग्रुपची निवड, मग राज्याच्या शिबिरांची रांग. प्रत्येक शिबिरात थोडे थोडे कॅडेट गळतात. पहिलं शिबिर पावसाळ्यात होतं आणि दिल्ली गाठेपर्यंत थंडी पडलेली असते. एवढे महिने तब्येत, अभ्यास आणि घर सांभाळणं हीच मोठी परीक्षा.

ड्रिलबद्दल मी फार लिहीत नाही, ती तुम्हाला उस्ताद शिकवतील आणि माझ्यापेक्षा चांगली शिकवतील. एवढंच सांगते की टर्नआउट, म्हणजे गणवेशाचा नीटनेटकेपणा, रोजचा असतो. निरीक्षणाच्या दिवशी चमकवलेलं बक्कल आणि रोज पुसलेलं बक्कल यांतला फरक सीओ साहेबांना (बटालियनच्या प्रमुखांना) लांबूनही दिसतो.

विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा आणि ही शिबिरं नेमकी एकाच काळात येतात. शिबिराचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी त्याची प्रत विभागप्रमुखांना द्या आणि दिल्याची सही घ्या. प्रात्यक्षिक परीक्षा पुढे-मागे करून मिळू शकते, पण ती मागावी लागते आणि लेखी मागावी लागते. नंतर जाऊन “मी तर देशासाठी गेले होते” असं म्हणून काहीही मिळत नाही.

दिल्लीच्या शिबिरात प्रत्येक राज्याचा ‘फ्लॅग एरिया’ असतो. जमिनीवर राज्याचा नकाशा, किल्ले, देवळं, लोककला मांडतात आणि आलेल्या पाहुण्यांना कॅडेट माहिती सांगतात. मुलं या कामाला कंटाळवाणं समजतात आणि ड्रिलमध्ये नाव यावं म्हणून धडपडतात. मला ते काम मिळालं आणि महिनाभर रोज कुणाला तरी महाराष्ट्र समजावून सांगून माझी जीभ सुटली. परदेशी कॅडेटही तिथे फिरत येतात. त्यांच्याशी बोला, चुकलेल्या इंग्रजीत बोला. पुढे हेच कामाला येतं.

५. मुलाखत: आधी आपलं गाव

लेखी परीक्षा, गटचर्चा आणि मुलाखत या तिन्हींत चालू घडामोडी, एनसीसीची माहिती, शेजारी देश, आपलं परराष्ट्र धोरण येतं. त्याची पुस्तकं आणि जुनी टिपणं प्रत्येक युनिटमध्ये असतात. मी कुठे अडकले ते सांगते.

ग्रुप पातळीच्या मुलाखतीत एका कर्नल साहेबांनी विचारलं, “कहाँ से हो?” मी म्हटलं, “पवनी, सर. जिला भंडारा.” ते लगेच म्हणाले, “पवनी! वहाँ का स्तूप देखा है?” मी वैनगंगेबद्दल बोलले, किल्ल्याबद्दल बोलले, गावातल्या देवळांबद्दल बोलले. स्तूप मला माहीतच नव्हता. ते काही रागावले नाहीत. म्हणाले, “घर जाके देखना.” आणि पुढचा प्रश्न विचारला.

दिवाळीला घरी गेले तेव्हा चुलत भावाला घेऊन जगन्नाथ टेकडीवर गेले. त्या टेकडीच्या भोवती मी लहानपणापासून फिरले होते. १९६९-७० मध्ये पुरातत्त्व खात्याने आणि नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं आणि टेकडीच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. तिथे सापडलेल्या दगडी खांबांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर हे होतं आणि मला ते परक्या माणसाकडून कळलं. मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

तेव्हा नागपुरातल्या कॅडेटनी निदान एवढं तरी पाठ न करता, जाऊन बघून तयार ठेवावं: सीताबर्डीचा किल्ला आणि १८१७ सालची भोसले-इंग्रज लढाई. १९२३ चा झेंडा सत्याग्रह, जो याच शहरात झाला आणि ज्यात देशभरातून माणसं येऊन तुरुंगात गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर घेतलेली धम्मदीक्षा. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे आणि एनसीसीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीही तिथेच आहे, जिथून कितीतरी एएनओ तयार होऊन आले. सीताबर्डी किल्ला एरवी लष्कराच्या ताब्यात असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात, त्यातला एक दिवस धरून जा.

आणि शहराबाहेरून आलेल्यांनी आपापल्या गावाचं असंच काही शोधा. प्रत्येक गावात काहीतरी असतंच, गावातल्या एखाद्या जुन्या शिक्षकाला विचारा.

६. कागदांची फाईल

एक प्लॅस्टिकची फाईल घ्या आणि पहिल्या वर्षापासून तिच्यात टाकत जा:

– दहावी आणि बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकी पाच झेरॉक्स
– आधार कार्ड, नाव दुरुस्त केल्यानंतरचं
– पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स (मूळ पासपोर्ट वेगळा, घरी)
– चालू वर्षाचं कॉलेजचं बोनाफाईड आणि ना हरकत पत्र
– एनसीसी नोंदणी क्रमांक, ‘ए’ किंवा ‘बी’ प्रमाणपत्र असेल तर ते, झालेल्या प्रत्येक शिबिराचं प्रमाणपत्र
– पालकांचं संमतीपत्र, आई-वडील दोघांच्या सह्यांचं
– वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि रक्तगटाचा रिपोर्ट
– पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, पासपोर्ट आकाराचे वीस. व्हिएतनामच्या व्हिसाला ४ बाय ६ सेंटीमीटरचा लागतो, म्हणून फोटोवाल्याकडून मूळ फाईल मोबाईलवर घेऊन ठेवा
– बँक पासबुकाची झेरॉक्स

सगळ्याचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. शिबिरात असताना रात्री नऊला निरोप येतो की उद्या सकाळी आठपर्यंत अमुक कागद पाठवा. तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणीला फोन करून कपाट उघडायला लावण्यात अर्धी रात्र जाते.

मूळ कागद कुणाकडे ठेवायला दिलात तर दिल्याची नोंद वहीत करा. माझी एक मूळ मार्कशीट एका कार्यालयात तीन आठवडे सापडत नव्हती. शेवटी दुसऱ्याच कुणाच्या फाईलमध्ये निघाली.

७. घरच्यांशी बोलणं

मुलींसाठी ही पायरी वेगळीच लिहावी लागते. माझे वडील आधी नाही म्हणाले होते. त्यांना परदेशापेक्षा ‘कोण बरोबर असेल’ हे कळत नव्हतं. मी वाद घातला नाही. आमच्या एएनओ मॅडमना विनंती केली, त्या फोनवर बोलल्या. मुलींबरोबर महिला अधिकारी असते, राहण्याची सोय वेगळी असते, कुणालाही एकटं कुठे सोडत नाहीत, हे त्यांनी नीट सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, “मॅडम, तुम्ही तुमच्या पोरीले पाठवलं असतं का?” मॅडम म्हणाल्या, “आजच्या आज.” संमतीपत्रावर सही झाली. तेव्हा घरी अडचण असेल तर स्वतः भांडण्याआधी एएनओंना मध्ये घ्या. त्यांचं ते कामच आहे आणि त्या ते मनापासून करतात.

८. बॅग भरताना

गणवेश, ब्लेझर, बूट यांच्या सूचना लेखी येतात, त्या शब्दशः पाळा. माझ्याकडून एवढं:

नागपूरचं ऊन कोरडं आहे, आपल्याला त्याची सवय आहे. व्हिएतनामची राजधानी हनोई, तिथली हवा ओली असते. रात्री धुतलेली बनियन सकाळी तशीच ओली. म्हणून आतले कपडे आणि मोजे दिवसागणिक मोजून घ्या, ‘धुऊन घालू’ या भरवशावर राहू नका. पायाला पावडर, बुटात घालायला वर्तमानपत्राचे कागद.

चार्जर दोन पिनांचा असेल तर व्हिएतनामला चालतो, आपली जाड तीन पिनांची प्लग चालत नाही. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. जवसाची चटणी, कोरडा चिवडा सीलबंद पाकिटात. घरून संत्री नेऊ नका, ताजी फळं विमानतळावर अडवतात.

पैसे डॉलरमध्ये न्या, नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या हव्यात. तिथे एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात, त्यामुळे हातात एकदम लाखो येतात आणि गोंधळ होतो. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. आमच्यातल्या एकाने पाण्याच्या बाटलीला पाच लाखांची दिली. दुकानदार बाई भली निघाली, तिने हाताला धरून परत बोलावलं. दोन्ही नोटा पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

९. सांस्कृतिक कार्यक्रम आणि भेटवस्तू

प्रत्येक चमूला दहा-पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सादर करावा लागतो. देशभरातले कॅडेट एकत्र असतात, सराव दिल्लीत चार-पाच दिवसच मिळतो. त्यामुळे असं काहीतरी येत असावं जे अर्ध्या दिवसात दुसऱ्यांना शिकवता येतं. लेझीम यासाठी फार उपयोगी आहे. चार पावलं आली की पंजाबची मुलगी आणि मणिपूरचा मुलगाही रांगेत उभे राहतात. लेझीम हलकी असते, आवाज मोठा असतो, ध्वनिमुद्रित संगीत ऐनवेळी वाजलं नाही तरी अडत नाही. आमच्या वेळी खरंच वाजलं नाही.

भेटवस्तू लहान, न फुटणाऱ्या आणि दोन वाक्यांत सांगता येतील अशा घ्या. मी भंडाऱ्याच्या पितळेच्या छोट्या समया आणि कोसा कापडाचे दोन रुमाल नेले. कोसा कुठल्या झाडावरच्या किड्यापासून होतो, तो कोण कातं, हे सांगता आलं आणि रेशमाच्या देशात ते त्यांना लगेच कळलं. विमानतळावरच्या दुकानातला ताजमहाल सगळेच देतात.

१०. तिथे पोहोचल्यावर

जेवणापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांना तोच प्रश्न पडतो. व्हिएतनामात माशाचा सॉस जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो, भाजीतसुद्धा. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘तोय आन चाय’ म्हणा, म्हणजे मी शाकाहारी जेवते. पाटीवर ‘चाय’ दिसलं तर तो चहा नव्हे, ते शाकाहारी हॉटेल आहे. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्या दिवशी असं जेवण सहज मिळतं. चमूच्या अधिकाऱ्यांना आपला आहार दिल्लीतच सांगून ठेवा.

बोलताना ते आधी तुमचं वय विचारतात. आपल्याला ते विचित्र वाटतं, पण त्यांच्याकडे आपल्यासारखंच दादा-ताई म्हणायची रीत आहे. वयाने मोठ्या मुलाला ‘आन’, मोठ्या मुलीला ‘ची’, लहानाला ‘एम’. वय कळल्याशिवाय काय म्हणायचं ते ठरत नाही. नावातही आडनाव आधी, अगदी आपल्या मार्कशीटसारखं. न्गुयेन आडनाव इतक्या जणांचं असतं की आडनावाने हाक मारली तर चार माना वळतात, शेवटचं नाव वापरा. वस्तू देताना-घेताना दोन्ही हातांनी.

व्हिएतनामचे स्वातंत्र्यनेते हो ची मिन्ह यांच्या समाधीस्थळी गणवेशात जाल. बा दिन्ह चौकात आहे, २ सप्टेंबर १९४५ ला स्वातंत्र्याची घोषणा त्यांनी तिथेच वाचली. आत फोटो नाही, बोलणं नाही, खिशात हात नाही, कुठे थांबायचं नाही. सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतं, बाकीच्या दिवशी सकाळीच उघडं. आदल्या रात्री इस्त्री करून झोपा. साहित्य मंदिर १०७० साली बांधलं, जुनं विद्यापीठ तिथेच होतं. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख आहेत, त्यांवर परीक्षा पास झालेल्या विद्वानांची नावं. मुलं तिथे परीक्षेआधी येतात. कासवांना हात लावू नका.

बोलण्याचे काही विषय जपून हाताळा. आपण ज्याला दक्षिण चीन समुद्र म्हणतो त्याला ते पूर्व समुद्र म्हणतात आणि त्याबद्दल त्यांना फार वाटतं. ज्याला जग व्हिएतनाम युद्ध म्हणतं ते त्यांच्यासाठी अमेरिकेविरुद्धचं युद्ध आहे. संग्रहालयात मार्गदर्शक बोलत असताना हसणं, सेल्फी काढणं अजिबात नको, शेजारी उभ्या असलेल्या मुलीचे आजोबा त्यात गेलेले असू शकतात. भारताबद्दल त्यांच्या मनात जिव्हाळा आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले होते, ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणच्या जुन्या शिवमंदिरांची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली. एवढं माहीत असेल तर गप्पा सुरू होतात. राजकारणावर कुणी मत विचारलं तर नम्रपणे सांगा की मी विद्यार्थिनी आहे, आणि विषय अधिकाऱ्यांकडे जाऊ द्या.

लष्करी जागांचे, पहारेकऱ्यांचे फोटो काढू नका. दौऱ्याचा कार्यक्रम आधीच स्टेटसवर टाकू नका. पासपोर्ट बहुतेक वेळा चमूचे अधिकारी एकत्र ठेवतात, झेरॉक्स खिशात असू द्या.

एका संध्याकाळी पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ दाखवला. लाल नदीच्या खोऱ्यात पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्यांत तो सुरू झाला. शेजारी बसलेल्या मुलीला मी सांगितलं की आमच्याकडेही धानाचा मुलूख आहे, कापणी झाली की रात्र रात्र दंडार आणि नाटकं चालतात. ती म्हणाली, तुझ्या गावात आणखी काय आहे? मी तिला जगन्नाथ टेकडीचा फोटो दाखवला. मग दीक्षाभूमीचा दाखवला, तिथे एका दिवसात लाखो माणसांनी बुद्धाचा मार्ग धरला ते सांगितलं. तिने तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला, आजीला दाखवायला. त्या दौऱ्यातला तो अर्धा तास मला सगळ्यात जास्त आठवतो.

११. परत आल्यावर

आठवडाभरात अहवाल लिहा, नंतर तारखा आठवत नाहीत. रोज रात्री वहीत पाच ओळी लिहिल्या असतील तर अहवाल एका दुपारी होतो. युनिटमध्ये सगळ्यांसमोर बोलायला सांगतात, फोटो मोजके आणि क्रमाने लावा. कॉलेजला हजेरीचं पत्र द्या, राहिलेल्या परीक्षांचा अर्ज त्याच दिवशी. पासपोर्टची प्रत युनिटच्या फाईलमध्ये अद्ययावत करा. दौऱ्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, एसएसबी मुलाखतीला (सैन्यदलांतल्या अधिकाऱ्यांच्या निवडीसाठीची) किंवा नोकरीला मूळ कागद दाखवताना त्यावरचा शिक्का नीट दिसावा लागतो.

आणि तिथल्या ज्या मुलामुलींनी पत्ते दिले त्यांना महिन्याभरात एक पत्र पाठवा. मी पवनीच्या टेकडीवरचं एक पान वहीत दाबून वाळवलं होतं, तेच पाठवलं.